रोचेस्टर–टोरोंटो फास्ट फेरी: पहिल्या दर्जाची बोट, चुकीचा मार्ग

ऑन्टारियो सरोवराच्या दक्षिण काठावर अमेरिकेतलं रोचेस्टर, वायव्येला कॅनडातलं टोरोंटो. या दोन शहरांमध्ये गाड्या आणि प्रवासी नेणारी वेगवान फेरी २००४ आणि २००५ अशा दोनच हंगामांत चालली. पहिल्या वेळी ती ८० दिवसांत बंद पडली, दुसऱ्या वेळी साडेपाच महिन्यांत. बोट दोन्ही वेळी तीच होती. मालक, चालक आणि नाव मात्र बदललं होतं. फेरी सेवा पारखायची असेल तर बोट, धक्का, वेळापत्रक आणि हिशेबाची वही हे सगळं एकत्र बघावं लागतं, आणि या सेवेइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. कारण इथे सर्वांत महाग भाग उत्तम होता आणि तरीही सेवा टिकली नाही.

बोटीपासून सुरुवात करू. 'स्पिरिट ऑफ ऑन्टारियो १' ही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हेंडरसन इथे ऑस्टल कंपनीने बांधलेली ॲल्युमिनियमची कॅटमरान, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर तरंगणारी बोट. लांबी सुमारे ८६ मीटर, रुंदी पावणेचोवीस मीटरच्या आसपास. प्रवासी ७७४ आणि गाड्या २३८. एमटीयू कंपनीची चार डिझेल इंजिनं, प्रत्येकी वीस सिलिंडरचं आणि ८,२०० किलोवॉटचं. चारही वॉटरजेटला, म्हणजे पाणी जोरात मागे फेकून बोट पुढे ढकलणाऱ्या यंत्रांना, जोडलेली. भरलेल्या बोटीचा वेग ४० नॉटच्या वर, म्हणजे ताशी पाऊणशे किलोमीटर. किंमत ४ कोटी २५ लाख डॉलर.

रुंदीचा आकडा सहज आलेला नाही. समुद्रातून ऑन्टारियो सरोवरात यायचं तर सेंट लॉरेन्स सीवे या जलमार्गाची लॉकं (जहाज पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) ओलांडावी लागतात आणि त्यांची रुंदी ८० फूट, म्हणजे २४.४ मीटर आहे. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा सोडून मावेल एवढीच रुंद बोट आत येऊ शकते. बांधणाऱ्यांनी ही मर्यादा अगदी शेवटपर्यंत वापरली, आणि कॅटमरानच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. दोन अरुंद सांगाड्यांमधलं अंतर जितकं जास्त तितकी बोट आडवी कमी डोलते आणि वरच्या डेकवर जागा जास्त मिळते. प्रवाशांसाठी रुंद बैठकीचं दालन, मोठ्या खिडक्या, खाण्यापिण्याची सोय, मुलांसाठी खेळायची जागा, करमुक्त दुकान असं सगळं होतं. सव्वादोन तासांच्या प्रवासाला एवढ्या सोयी म्हणजे चंगळच. निव्वळ बोटीला गुण द्यायचे असतील तर हात आखडता घ्यायचं काही कारण नाही.

आता वेळ. या सेवेचा खरा निकाल इथेच लागतो.

पाण्यावरून अंतर सुमारे ८० सागरी मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर. वेळापत्रकातला प्रवास सव्वादोन तासांचा. रस्त्याने जायचं तर बफेलोकडे जाऊन, नायगारा नदीवरच्या पुलावरून सीमा ओलांडून, सरोवराच्या पश्चिम टोकाला वळसा घालत टोरोंटोला पोहोचायचं: साधारण २७० किलोमीटर, मोकळ्या रस्त्याने तीन तास. नकाशावर फेरी पाऊण तास वाचवते. पण नकाशात रांग दिसत नाही. गाडी घेऊन जाणाऱ्याला कुठल्याही आंतरराष्ट्रीय फेरीला निदान पाऊण तास आधी धक्क्यावर हजर राहावं लागतं. कागदपत्रं, गाडी रांगेत लावणं, मग रॅम्पवरून आत. पलीकडे पोहोचल्यावर उलट क्रम, आणि त्यात सीमा तपासणी. बोटीतून दीडशे गाड्या एकदम उतरल्या, तपासणीच्या चार खिडक्या उघड्या आहेत आणि एका गाडीला दीड मिनिट लागतंय असं धरा. शेवटची गाडी धक्क्याबाहेर पडायला जवळजवळ तास जातो. पुलावरही रांग असते, पण तिथे गाड्या दिवसभर पसरून येतात. बोट त्या सगळ्या एका झटक्यात ओतते. म्हणजे दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला तर गाडीवाल्या प्रवाशासाठी फेरी रस्त्याच्या बरोबरीची, अनेकदा उशिराची. त्यात रोचेस्टरचा धक्का शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटर उत्तरेला, जेनेसी नदीच्या मुखाशी शार्लट भागात. तिथवर जायचा वेळ वेगळा.

मग अशा फेरीने कोणी जावं? ज्याला गाडी चालवायची नाही, सहल म्हणून पाण्यावरचा प्रवास हवा आहे, टोरोंटोत हॉटेलात राहून पायी किंवा ट्रामने फिरायचं आहे, त्याच्यासाठी ही सेवा खरोखर सुखाची होती. असे लोक उन्हाळ्यात भरपूर मिळतात, शनिवार-रविवारी तर नक्कीच. पण बोट बांधली होती २३८ गाड्यांसाठी. गाड्यांचा डेक म्हणजे वजन, वजन म्हणजे इंजिन, इंजिन म्हणजे इंधन. पायी प्रवाशाला त्या डेकचा काहीच उपयोग नाही, तरी त्याचा खर्च प्रत्येक फेरीला होतोच.

इंधनाचा ढोबळ हिशेब करून बघण्यासारखा आहे. चार इंजिनांची मिळून शक्ती ३२,८०० किलोवॉट. ती ८५ टक्के वापरली आणि या जातीच्या डिझेल इंजिनाला दर किलोवॉट-तासाला साधारण २०० ग्रॅम इंधन लागतं असं धरलं, तर ताशी साडेपाच टनांच्या वर, म्हणजे सुमारे ६,६०० लिटर. पूर्ण वेगाचे दोन तास आणि बंदरातली सावकाश चाल धरून एका बाजूचे १३ ते १४ हजार लिटर. बोट शिगोशीग भरली तर माणशी १७-१८ लिटर. अर्धी रिकामी असेल तर ३५. तिकडे एक साधी गाडी २७० किलोमीटर जाताना २५ लिटरच्या आत पेट्रोल पिते आणि त्यात चार जण बसलेले असतात. अर्ध्या भरलेल्या बोटीत त्याच चौघांच्या वाट्याला १४० लिटर येतात. तिकिटाचा दर कितीही कमी-जास्त केला तरी हा फरक भरून निघत नाही. वेगवान कॅटमरानला सावकाश चालवून इंधन वाचवता येतं हे खरं. वेग थोडा उतरवला तरी लागणारी शक्ती झपाट्याने घटते. पण मग प्रवास तीन-साडेतीन तासांवर जातो आणि 'फास्ट' या शब्दावर उभी केलेली सगळी जाहिरात कोसळते.

नियमांच्या बाजूने झालेली कोंडी तर प्रवाशाला दिसतही नाही. बोट बहामाच्या ध्वजाखाली नोंदलेली होती. दोन देशांमधली वाहतूक असल्याने परदेशी ध्वजाला कायद्याची आडकाठी नव्हती, पण ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ज्या मोठ्या सरोवरांपैकी ऑन्टारियो एक आहे त्यांत, परदेशी ध्वजाच्या जहाजावर वाट दाखवणारा सरोवराचा परवानाधारक पायलट घ्यावा लागतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या मालवाहू जहाजाला हा खर्च चालतो. तोच मार्ग रोज दोन-तीनदा कापणाऱ्या फेरीवर, जिथे कप्तानाला पाण्यातला प्रत्येक खुणेचा खांब पाठ झालेला असतो, तो निव्वळ बोजा ठरतो. दोन्ही देशांच्या सीमा यंत्रणांची माणसं, त्यांची जागा आणि त्यांचं शुल्क यांचा भारही सेवेवरच पडत होता.

आणि ट्रक. मूळ आराखड्यात व्यापारी ट्रकांचं उत्पन्न धरलेलं होतं. जगभरातल्या मोठ्या कार फेरी बहुतेक ट्रकांवरच जगतात: हिवाळ्यात, मंगळवारी दुपारी, पावसात, जेव्हा पर्यटक घरी असतात तेव्हा ट्रक येतात. इथे व्यापारी मालाच्या सीमाशुल्क तपासणीचा प्रश्न सुटलाच नाही आणि ट्रकवाहतूक उभी राहिली नाही. उत्पन्नाचा बारमाही पाय असा पहिल्याच दिवशी गळून पडला, तरीही खर्चाची बाजू तशीच ठेवून सेवा सुरू केली गेली. माझ्या मते याहून मोठी चूक दुसरी नाही. बोट मागवण्याआधी कस्टम्सची लेखी मंजुरी हातात हवी. उलट क्रमाने केलं की बँकेचे हप्ते सुरू होतात आणि मंजुरीची वाट बघत बसावं लागतं.

धक्क्यांमध्येही असमतोल होता. रोचेस्टरने आपल्या बाजूला नीट टर्मिनल उभं केलं. टोरोंटोत पहिल्या हंगामात कायमची इमारतच नव्हती. तात्पुरत्या सोयीवर काम चाललं. जागा चेरी स्ट्रीटच्या टोकाला, बंदराच्या औद्योगिक भागात. शहराचा मध्य तिथून दिसतो, पण सामान घेऊन चालत जाण्यासारखा नाही. मोठं शहर, मोठी बाजारपेठ ज्या बाजूला, त्याच बाजूचा दरवाजा सर्वांत ओबडधोबड. टोरोंटो महानगराची लोकसंख्या तेव्हा ४७ लाखांच्या घरात होती, रोचेस्टर परिसराची दहा लाखांच्या जरा वर. प्रवासी टोरोंटोकडून रोचेस्टरला ओढले गेले तरच आकडे जमणार होते. पण टोरोंटोच्या माणसाला समोरच्या काठावर काय आहे हे पटवून देण्याचं काम, आणि तिथे उतरल्यावर गाडीशिवाय त्याला फिरवण्याची सोय, हे दोन्ही कच्चं राहिलं. सेवा मुख्यतः रोचेस्टरच्या लोकांच्या उत्साहावर चालली. तो उत्साह खरा होता, पण दहा लाखांचा परिसर एवढी मोठी बोट रोज भरू शकत नाही. टोरोंटो पोर्ट अथॉरिटीचं नवं टर्मिनल तयार झालं ते २००५ मध्ये.

घटनाक्रम बघितला की या सगळ्या गोष्टी एकमेकींवर कशा आदळल्या ते कळतं. कॅनेडियन अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स ही खासगी कंपनी पुढे आली, न्यूयॉर्क राज्याने आणि रोचेस्टर शहराने तिला पाठबळ दिलं, महापौर विल्यम जॉन्सन यांनी प्रकल्प उचलून धरला. सेवेचं नाव ठरलं 'द ब्रीझ'. बोट ऑस्ट्रेलियाहून येताना १ एप्रिल २००४ रोजी न्यूयॉर्क शहरात धक्क्याला धडकली. दुरुस्ती झाली, एप्रिलच्या अखेरीस बोट रोचेस्टरला पोहोचली, पण प्रवासी घेऊन पहिली फेरी सुटायला १७ जून उजाडला. सरोवरावरचा कमाईचा हंगाम मे ते सप्टेंबर. त्यातला पहिला तुकडा, आणि आगाऊ तिकिटांचा विश्वास, दोन्ही हातचे गेले. ७ सप्टेंबरला, सुमारे ८० दिवसांनंतर, कंपनीने १७ लाख डॉलरच्या देण्यांचं कारण देत सेवा थांबवली. सव्वाचार कोटींच्या बोटीपुढे हा आकडा किरकोळ वाटतो, आणि तेच लक्षात घेण्यासारखं आहे. खेळतं भांडवल इतकं तुटपुंजं होतं की एका अर्धवट हंगामाचा धक्काही पेलवला नाही. नवीन फेरीला किमान दोन हंगामांचा तोटा सोसायची तयारी लागते. लोक सवय बदलायला वेळ घेतात. पहिल्या वर्षी ते फक्त बघायला येतात.

पुढचा अंक शहराचा. २८ फेब्रुवारी २००५ रोजी झालेल्या लिलावात रोचेस्टर शहराने स्वतः स्थापन केलेल्या कंपनीमार्फत बोट ३ कोटी २० लाख डॉलरना घेतली. खरेदी आणि चालवण्याचा खर्च मिळून ४ कोटी डॉलरचं कर्ज ऑस्ट्रेलियाच्या सरकारी निर्यात-वित्त संस्थेकडून उभं राहिलं. शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख २० हजार, म्हणजे लहानमोठ्या प्रत्येक नागरिकामागे १८० डॉलर. चालवण्याचं काम बे फेरीज या कॅनडातल्या अनुभवी कंपनीच्या शाखेकडे गेलं आणि बोटीवर त्यांचं 'द कॅट' हे नाव झळकलं. अटलांटिक किनाऱ्यावर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि कॅनडातला नोव्हा स्कोशिया प्रांत यांच्यादरम्यान, त्याच नावाची वेगवान फेरी ते आधीपासून चालवत होते. निवड योग्य होती. दुसऱ्या हंगामात सेवा व्यावसायिक हातात होती आणि टोरोंटोत धड टर्मिनलही मिळालं होतं.

तरी जूनच्या अगदी शेवटी सुरुवात झाली, म्हणजे पुन्हा हंगामाचा पहिला भाग गेला. उन्हाळ्याच्या शेवटी मेक्सिकोच्या आखातातल्या कॅटरिना वादळानंतर इंधनाचे भाव चढले. तासाला हजारो लिटर जाळणाऱ्या बोटीला याहून वाईट वेळ नाही. १२ डिसेंबरला फेऱ्या थांबल्या. जानेवारी २००६ मध्ये नवे महापौर रॉबर्ट डफी यांनी पदावर आल्यानंतर दहाच दिवसांत सेवा कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं. शहराच्या कंपनीने दहा महिन्यांत १ कोटी डॉलर गमावले होते. हा निर्णय अनेकांना लागला, पण वही बघता तो योग्य होता. मार्गाची मूळ बेरीज चुकलेली असताना चांगला चालक आणि नवं टर्मिनल फक्त तोट्याचा वेग कमी करतात.

हिवाळ्याबद्दल थोडं. ऑन्टारियो सरोवर खोल असल्याने सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे बारा महिने चालवता येईल असा हिशेब कागदावर मांडता येतो. पण हिवाळी वाऱ्यात इथे आखूड आणि उभ्या लाटा उठतात. वेगवान बोटींच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रत्येक बोटीच्या परवान्यात लाटांच्या उंचीची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडली की फेरी रद्द. मर्यादेच्या आतही हलकी कॅटमरान लाटांवर आपटते, प्रवाशांची पोटं ढवळतात, कप्तान वेग उतरवतो आणि वेळापत्रक बिघडतं. समुद्रावरच्या वेगवान फेरी थंडीत दुसऱ्या गोलार्धात भाड्याने जाऊ शकतात. इथे तो मार्गही बंद, कारण सेंट लॉरेन्स सीवे डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत बंद असतो. बोट सरोवरात अडकलेली, प्रवासी घरी, आणि व्याज, विमा, मुख्य खलाशांचे पगार चालू.

एकच बोट असणं ही आणखी एक कमजोरी. चारपैकी एक इंजिन थांबलं तरी तीनवर चालता येतं, पण वेग उतरतो, सव्वादोन तासांची फेरी लांबते आणि दिवसाच्या शेवटच्या फेरीचा बळी जातो. वॉटरजेटमध्ये ओंडका किंवा दोरखंड अडकला की पाणबुड्याला बोलवावं लागतं. दोन बोटींच्या सेवेत प्रवाशांना पुढच्या बोटीवर बसवता येतं. इथे गाडीसकट अडकलेल्या माणसाला पैसे परत देऊन रस्त्याने जा म्हणण्यापलीकडे उपाय नव्हता, आणि रस्ता तर होताच.

हीच सेवा वेगळ्या मापाने कशी करता आली असती, याचं उत्तर ग्रेट लेक्समधल्याच मिशिगन सरोवरावर आहे. मिलवॉकी–मस्किगन मार्गावरची 'लेक एक्सप्रेस' त्याच वर्षी, त्याच जून महिन्यात सुरू झाली. तीही ऑस्टलचीच कॅटमरान, पण अमेरिकेतल्या मोबिल गावच्या यार्डात बांधलेली. प्रवासी सुमारे २५०, गाड्या ४६, वेग ३४ नॉटच्या आसपास, प्रवास अडीच तासांचा. इंजिनांची शक्ती रोचेस्टरच्या बोटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दोन्ही टोकं एकाच देशात, त्यामुळे सीमा तपासणी नाही. पर्यायी रस्ता शिकागोच्या गर्दीतून जातो, म्हणून वाचलेला वेळ खरा असतो. थंडीत सेवा बंद ठेवायची हे पहिल्यापासून ठरलेलं. ती आजही चालते आहे. ७७४ प्रवाशांची बोट रोज भरण्यापेक्षा २५० जणांची भरणं सोपं, आणि अर्धी रिकामी राहिली तरी ती मालकाला बुडवत नाही.

रोचेस्टरच्या बोटीचं पुढे काय झालं, हेही पाहायला हवं. विक्रीचा एक व्यवहार फिसकटल्यावर २००७ मध्ये जर्मनीच्या एफआरएस कंपनीने ती ३ कोटी डॉलरना घेतली. म्हणजे शहराने बोटीच्या किमतीत फारसं गमावलं नाही. पैसा गेला तो चालवण्यात आणि व्याजात. वसंतात सीवे उघडल्यावर बोट सरोवराबाहेर पडली, 'टँजर जेट २' हे नाव घेऊन स्पेन आणि मोरोक्कोदरम्यान जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत धावू लागली आणि नंतर व्हेनेझुएलाला गेली. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटरची आहे, पूल नाही, बोगदा नाही. एका फेरीला लागणारं इंधन अर्ध्या-पाऊण तासाचं, दिवसात फेऱ्या कितीतरी जास्त, आणि उन्हाळ्यात युरोपातून गाड्या घेऊन घरी निघालेल्या मोरोक्कन कुटुंबांची धक्क्यावर रांग. तीच चार इंजिनं, तोच गाड्यांचा डेक, आणि पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही.